ग्राइंडरचं स्पिंडल लॉक: पहिल्यांदाच डिझाइन करणाऱ्यांसाठी

फॅब्रिकेशनच्या दुकानात १०० मिलिमीटरच्या अँगल ग्राइंडरची चकती दिवसातून चार-पाच वेळा तरी बदलली जाते. कारागीर गिअरच्या डोक्यावरचं बटण अंगठ्याने दाबतो, दुसऱ्या हाताने चकती थोडी फिरवतो, ‘टक’ असा आवाज येतो आणि स्पिंडल, म्हणजे चकती ज्यावर बसते तो दांडा, अडकतो. मग दोन दातांच्या पान्याने नट सुटतो. सगळं मिळून अर्धं मिनिट. त्या ‘टक’मागे एक पिन, एक स्प्रिंग, एक बटण आणि गिअरला पाडलेली तीन-चार भोकं, एवढाच ऐवज असतो. म्हणूनच हे काम बहुतेक वेळा टीममधल्या सर्वांत नव्या माणसाकडे येतं. माझ्याकडेही तसंच आलं होतं.

तेव्हा मी पिनचं गणित केलं, ती भारात कातरून तुटणार नाही याची खात्री केली आणि ड्रॉइंग पुढे पाठवलं. काही महिन्यांनी दुरुस्तीला परत आलेली यंत्रं टेबलावर आली. वर्कशॉपमधल्या जुन्या फिटरकाकांनी एक हाउसिंग, म्हणजे गिअरभोवतीचं धातूचं घर, उजेडाकडे धरून मला दाखवलं. “पिन बघा, नवी कोरी. घर बघा.” पिन ज्या भोकातून खाली सरकते त्याचं तोंड अंड्यासारखं लांबट झालं होतं. पिन त्यात तिरकी बसायची आणि बटण सोडलं तरी वर यायची नाही. या लेखातलं बरंचसं त्या टेबलावर शिकलेलं आहे.

आधी यंत्र ओळखा

सगळ्या यंत्रांना एकच लॉक चालत नाही. हातातल्या वर्तुळाकार करवतीत आणि राउटरमध्ये स्पिंडलवर समोरासमोर दोन सपाट बाजू काढलेल्या असतात आणि एक पट्टी किंवा काटा सरकून त्यांना पकडतो, अशी रचना बरीच दिसते. बॅटरीच्या ड्रिलमध्ये बटण नसलेलं, आपोआप लागणारं लॉक असतं. चकच्या बाजूने पिळलं की छोटे रोलर स्पिंडलच्या सपाट बाजू आणि बाहेरच्या कड्याच्या मध्ये पाचरीसारखे अडकतात. मोटरच्या बाजूने फिरवलं की तेच रोलर पुढे ढकलले जाऊन मोकळे होतात. ती सुंदर रचना आहे, पण तिच्यासाठी वेगळा लेख लागेल. जुन्या अनेक ग्राइंडरना लॉकच नसायचं. एक पाना स्पिंडलच्या सपाट बाजूवर आणि दुसरा नटवर, असे दोन पाने लागायचे. दोन पान्यांची ही पद्धत आजही काही मार्बल कटरवर दिसते.

इथे आपण अँगल ग्राइंडरचं पिन-लॉक घेऊ. आपल्याकडच्या १०० मिलिमीटरच्या ग्राइंडरचा स्पिंडल सहसा एम १० आट्यांचा असतो, १२५ आणि त्यापुढच्यांचा एम १४. लहान यंत्र बिनभाराचं मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली पायरी: वापरलेलं यंत्र उघडा

कॅड सुरू करण्याआधी दुरुस्तीवाल्याकडून दोन-तीन जुने, पुरते वापरलेले ग्राइंडर आणा. प्लग काढलाय याची खात्री करा, गिअर हाउसिंगचे चार स्क्रू सोडा आणि ग्रीस पुसून मोठा बेव्हल गिअर बघा. लॉकच्या भोकांच्या कडा दबून चमकत असतील किंवा त्यांच्यामधल्या पृष्ठभागावर गोल ओरखडा असेल, तर कुणीतरी यंत्र फिरत असताना बटण दाबलंय. जवळजवळ प्रत्येक वापरलेल्या यंत्रात हा ओरखडा सापडतो.

कारण साधं आहे. स्विच बंद केल्यावर चकती बराच वेळ फिरत राहते, कारागिराला थांबायला वेळ नसतो, मग तो लॉकचं बटण ब्रेकसारखं दाबतो. ‘फिरताना दाबू नये’ असं सूचनापत्रकात लिहिलेलं असतं आणि ते लिहायलाच हवं. पण डिझाइन करताना हा दाब येणारच असं धरून चाला. चकती पटकन थांबावी असं त्याला वाटतं यात त्याची काही चूक नाही.

दुसरी पायरी: भार आणि त्याचा रस्ता लिहून काढा

लॉकवर मोटरचा भार येत नाही, माणसाच्या हाताचा येतो. पाना साधारण १५० मिलिमीटर लांब धरा, ताकदीचा माणूस त्याच्या टोकाला २०० न्यूटन लावेल. गुणाकार ३० न्यूटन-मीटर. घट्ट करण्यापेक्षा सोडवताना जास्त जोर लागतो, कारण काम करताना चकतीवर येणारा रोध नट आणखी आवळत जातो. पाना हरवलेला असेल तर काही जण नटाच्या खाचेत छिन्नी लावून हातोडी मारतात. म्हणून ३० न्यूटन-मीटरला कोणताही भाग कायमचा वाकू नये आणि ४५ ला काहीही तुटू नये, असे दोन आकडे मी स्वतःसाठी ठरवून घेतले आहेत. दोन्ही दिशांनी.

आता हा पीळ कुठून कुठे जातो ते कागदावर काढा: नट, फ्लँज (चकतीला टेकणारी चकली), स्पिंडल, स्पिंडलवर बसवलेला गिअर, गिअरचं भोक, पिन, हाउसिंग. या साखळीत नवखा माणूस गिअर आणि स्पिंडलचा सांधा हमखास विसरतो. गिअर नुसता दाबून बसवला असेल तर लॉक धरून ठेवतं आणि गिअरच्या आत स्पिंडल सरकतो. १२ मिलिमीटरच्या स्पिंडलवर ३० न्यूटन-मीटर म्हणजे पृष्ठभागावर ५,००० न्यूटन. तेवढं पेलणारी दाबबैठक (घट्ट दाबून केलेली बसवणी) किंवा चावी (दोघांच्या खाचेत बसणारी धातूची पट्टी) आहे का, हे गिअरचं डिझाइन करणाऱ्या सहकाऱ्याला आजच विचारा. टूलिंग झाल्यावर विचारून उपयोग नाही.

तिसरी पायरी: भोकं किती आणि कुठे

समजा मोठ्या गिअरवर १२ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर भोकांना जागा आहे. पिन ६ मिलिमीटरची, भोक ६.५ चं. त्या वर्तुळाचा परीघ ७५ मिलिमीटरच्या थोडा वर. आठ भोकं पाडली तर दोन भोकांमध्ये तीन मिलिमीटरही धातू उरत नाही. चार पाडली तर बारा उरतो. चार भोकांत कारागिराला चकती जास्तीत जास्त पाव फेरी फिरवावी लागते, त्याची कुणी तक्रार करत नाही. मी चारच घेतो. जागा असेल तर सहाही चालतात.

अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे. हाउसिंगमधलं पिनचं भोक, बेअरिंगची बैठक आणि गिअरची भोकं तीन वेगवेगळ्या सेटिंगवर होतात, त्यांच्या चुका एकमेकींत मिळतात. मोकळीक ०.२ वर आणली की काही यंत्रांत पिन जाते, काहींत जात नाही, आणि असेंब्लीवाले पिनचं टोक घासून बसवू लागतात. ती वेळ येऊ देऊ नका.

चौथी पायरी: पिन

३० न्यूटन-मीटर भागिले १२ मिलिमीटर, म्हणजे पिनवर २,५०० न्यूटन आडवा भार. माझी पहिली पिन ५ मिलिमीटरची होती, तिच्यात कातर ताण १२७ मेगापास्कल. हे बघून मी खूश झालो होतो, आणि चूक तिथेच होती. पिन कातरण्याआधी वाकते.

हाउसिंगचं तोंड आणि गिअर यांच्यात दीड मिलिमीटर फट आहे आणि पिन गिअरमध्ये तीन मिलिमीटर जाते असं धरा. भार गिअरच्या भोकात मध्यावर लागतो, म्हणजे हाउसिंगच्या तोंडापासून तीन मिलिमीटरवर. वाकवणारा आघूर्ण ७,५०० न्यूटन-मिलिमीटर. ५ मिलिमीटरच्या पिनमध्ये त्याचा ताण ६११ मेगापास्कल होतो, ६ च्या पिनमध्ये ३५४. एका मिलिमीटरने एवढा फरक पडतो, कारण इथे व्यासाचा घन येतो. फट दीडवरून एक मिलिमीटरवर आणली की ६ च्या पिनमध्ये ताण २९५ वर उतरतो. खर्च शून्य.

“फट कमी केली तर पिन गिअरला घासणार नाही का?” असा प्रश्न नेहमी येतो. पिनचं टोक वर असताना हाउसिंगच्या भोकात अर्धा मिलिमीटर आत लपवा. मग टोक ते गिअर अंतर दीड मिलिमीटर राहतं आणि फट एकच. पूर्ण चाल साडेचार मिलिमीटर होते.

पदार्थ म्हणून मी ईएन ३१ हे बेअरिंगचं पोलाद वापरतो, पण बेअरिंगसारखं ६० एचआरसीपर्यंत (रॉकवेल कडकपणाचं माप) कडक ठेवत नाही. फिरताना बटण दाबलं की पिनला धक्के बसतात आणि इतकी कडक पिन काचेसारखी तडकते. टेंपर करून ५० च्या आसपास आणा. कार्ब्युराइझ केलेला (पृष्ठभागात कार्बन मुरवून कडक केलेला) गिअर त्याहून कडक असतो, म्हणजे झिजली तर पिन झिजेल. पिन स्वस्त आहे आणि दुकानदार ती दहा मिनिटांत बदलतो.

टोकाला छोटी तिरकी कड मारा, अर्धा मिलिमीटर, ४५ अंश. त्याहून मोठी नको. एकदा पेन्सिलीसारखं निमुळतं टोक असलेली पिन माझ्यासमोर आली होती, भोक पटकन सापडावं म्हणून तशी केलेली. पाना ओढला की तो उतार पिनला वर ढकलायचा आणि अंगठा हरायचा. भार घेणारी बाजू सरळच हवी.

पाचवी पायरी: हाउसिंगचं भोक

फिटरकाकांनी दाखवलेली जागा हीच. हाउसिंग ॲल्युमिनियमच्या डायकास्टिंगचं, बहुधा एडीसी १२ या मिश्रधातूचं. त्याची यील्ड मर्यादा, म्हणजे ज्या ताणाला तो कायमचा दबू लागतो, १५० मेगापास्कलच्या आसपास. पिन स्टीलची, टोकाला भार, आणि सगळा दाब भोकाच्या तोंडाशी एकवटतो.

हिशोब असा करा. पिन हाउसिंगच्या भोकात जितकी लांब बसते ती पकड-लांबी. भार भागिले (व्यास गुणिले पकड-लांबी), हा सरासरी दाब. त्याला (४ + ६ गुणिले भाराचं अंतर भागिले पकड-लांबी) ने गुणा. पिन भोकात ताठ राहते आणि दाब सरळ रेषेत बदलतो असं मानून हे सूत्र निघतं. एकदा स्वतः काढून बघा, पाच ओळींचं आहे.

माझ्या पहिल्या डिझाइनमध्ये पकड-लांबी १० मिलिमीटर होती. ६ ची पिन आणि तीन मिलिमीटरवर भार धरला तरी तोंडाशी २४२ मेगापास्कल येतात. प्रत्यक्षात पिन ५ ची होती, म्हणजे त्याहूनही वाईट. ॲल्युमिनियम दबणारच होतं. आता पकड-लांबी १६ करा आणि भाराचं अंतर अडीचवर आणा: १२९ मेगापास्कल. तेच कास्टिंग आता टिकतं.

१६ मिलिमीटर लांबी मिळत नसेल तर स्टीलची बुश (पिनभोवतीची नळी) दाबून बसवा. खर्च वाढतो, पण बुशचा बाहेरचा व्यास मोठा असल्याने ॲल्युमिनियमवरचा दाब उतरतो. कास्टिंगमध्ये आतल्या बाजूला उंचवटा वाढवून लांबी मिळवता आली तर मला ते जास्त आवडतं. डाय बनण्याआधी टूलरूमवाल्यांशी बसा, ते बहुतेक वेळा जागा काढून देतात.

भोक कास्टिंगमधून आलं तसंच सोडू नका, रीमर मारून (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) घ्या. पिन आणि भोक यांच्यात ०.०५ मिलिमीटरच्या आसपास मोकळीक ठेवा. फार घट्ट ठेवलं तर धुळीचा एक कण पिन अडकवतो, फार सैल ठेवलं तर पिन तिरकी होऊन सगळा भार तोंडाच्या कडेवर घेते.

सहावी पायरी: स्प्रिंग, बटण आणि धूळ

स्प्रिंगचं काम एकच: अंगठा उचलला की पिन वर, आणि यंत्र उलटं-सुलटं कसंही धरलं, कितीही थरथरलं तरी ती वरच. पिन आणि बटण मिळून १२ ग्रॅम धरा. थरथरीचे तीव्र झटके गुरुत्वाच्या पन्नास पट धरले तर सहा न्यूटन होतात. म्हणून वरच्या स्थितीतच स्प्रिंग किमान १० न्यूटनने दाबलेली असावी. मिलिमीटरला दीड न्यूटन अशी स्प्रिंग घेतली तर साडेचार मिलिमीटरच्या शेवटी १७ न्यूटनच्या जरा आत येतो, अंगठ्याला तो सहज पेलतो. शंकूच्या आकाराची स्प्रिंग बटणाखाली कमी जागेत बसते.

बटण आजूबाजूच्या पृष्ठभागाच्या वर येऊ देऊ नका. अरुंद जागेत काम करताना लोक गिअरच्या डोक्यावर तळहात टेकवतात. बटणाभोवती गोल कड उभी करा, मग अंगठाच आत जाईल, तळवा नाही.

आणि धूळ. ग्राइंडिंगची धूळ म्हणजे लोखंडाचा चुरा आणि ॲब्रेसिव्हचे कण. ती बटणाखाली साचते, ग्रीसमध्ये मिसळून काळी पेस्ट होते आणि पावसाळ्यात गंजून घट्ट बसते. मग बटण खाली जातं ते वर येत नाही. कारागिराच्या लक्षात येत नाही, तो स्विच दाबतो, मोटर अडकते आणि कम्युटेटर जळतो. अशा जळालेल्या आर्मेचरचा (मोटरच्या फिरणाऱ्या भागाचा) दोष दुकानात लॉकवर कधीच लिहिला जात नाही, ‘मोटर गेली’ एवढंच लिहिलं जातं. पिनवर ओ-रिंग किंवा फेल्टची कडी बसवा, आणि बटणाच्या खोबणीच्या तळाला बाजूने एक खाच ठेवा, म्हणजे हवा मारली की धूळ बाहेर पडेल. ओ-रिंगचं घर्षण स्प्रिंगच्या हिशोबात धरायला विसरू नका.

सातवी पायरी: फिरताना दाबलं तर

११,००० फेऱ्यांना भोकांचं वर्तुळ सेकंदाला जवळपास १४ मीटर वेगाने धावतं. अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक पिनखालून ३६ मायक्रोसेकंदांत निघून जाते. एवढ्यात पिन आत पडूच शकत नाही. ती सेकंदाला ७३३ वेळा भोकांच्या कडांवर आपटते, कर्कश आवाज येतो आणि ग्रीसमध्ये धातूचा चुरा पडतो.

पिन पकडते ती वेग उतरल्यावर. ३०० फेऱ्यांना तीच मोकळीक १.३ मिलिसेकंद मिळते. स्प्रिंगचा जोर वजा करून अंगठ्याचा २० न्यूटन उरला आणि हलता भाग तोच १२ ग्रॅमचा असला, तर तेवढ्यात पिन जवळजवळ दीड मिलिमीटर आत जाते. टक, आणि सगळं जागच्या जागी थांबतं. १,००० फेऱ्यांना ती ०.२ मिलिमीटरही आत जात नाही, टोकाची कड तिला परत फेकते. ती छोटी ४५ अंशांची कड इथे कामाला येते.

ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ३०० फेऱ्यांना पकडणं आणि १,००० ला पकडणं यांत अकरा पटींचा फरक आहे. भोकाला मोठा उतार देऊन, मोकळीक एक मिलिमीटर करून ‘लॉक लवकर लागतं’ असं केलंत, तर पिन जास्त वेगाला पकडेल. मग स्पिंडल अचानक थांबतो, चकती जडत्वाने पुढे जायला बघते, आणि ती दिशा नट सोडवणारी असते. सैल झालेल्या नटानिशी पुढचा माणूस यंत्र सुरू करतो. म्हणून या जागी मोकळीक वाढवायला मी कधीच तयार होत नाही, मार्केटिंगवाल्यांनी कितीही सांगितलं तरी.

आठवी पायरी: चाचणी

ग्राइंडरसाठी आयईसी ६२८४१ या विजेच्या हत्यारांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा पहिला भाग आणि २-३ हा भाग आधी वाचून काढा. त्यातल्या चाचण्या करायच्याच आहेत, यंत्र १ मीटरवरून काँक्रीटवर टाकण्याचीसुद्धा. त्याशिवाय लॉकसाठी मी या करतो.

टॉर्क रेंच लावून प्रत्येक भोकात, दोन्ही दिशांनी ३० न्यूटन-मीटर. नंतर हाउसिंगच्या भोकात प्लग गेज (नेमक्या मापाची दांडी) घालून बघा, लांबट झालंय का. पिन बघण्याआधी भोक बघा.

बटण दाबण्याची चक्रं ५,०००. दिवसाला पाच चकत्या, वर्षाला तीनशे दिवस, तीन वर्षं, म्हणजे ४,५००; ते वर धरून तो आकडा आलाय. त्यातली निम्मी चक्रं स्वच्छ बटणावर आणि निम्मी धुळीत करा. प्रयोगशाळेतली पांढरी पावडर घेऊ नका, दुकानातल्या ग्राइंडरखालची खरी धूळ डबीत भरून आणा.

वेग उतरताना बटण दाबण्याची चाचणी पन्नास वेळा. ॲब्रेसिव्ह चकती लावून ही चाचणी करू नका. तितक्याच जडत्वाची स्टीलची तबकडी बनवा, यंत्र जाड पोलादी पेटीत बांधा आणि बटण दोरीने किंवा सिलिंडरने बाहेरून दाबा. दर दहा वेळांनी नट किती सुटला ते मोजा. नट आणि फ्लँजवर मिळून एक रेघ मारून ठेवली की लगेच दिसतं.

शेवटची चाचणी सर्वांत स्वस्त आहे. पिनच्या टोकाला मार्करची निळी शाई लावा, यंत्र जोडा, बटण वर राहील असं बांधा आणि तासभर चालवा. मग आडवं बांधून तासभर. यंत्र उघडा आणि टोकाकडे बघा. निळा रंग एका बाजूनेही पुसलेला असेल तर पिन चालू यंत्रात गिअरला शिवली आहे. ड्रॉइंगवर सही करू नका, स्प्रिंगकडे परत जा.